दादाच्या अंगठ्यातले काळे

माझा मोठा भाऊ सिल्वासाजवळ खडोलीच्या एका कंपनीत काळ्या प्लांटमध्ये कामाला होता. प्लॅस्टिकला रंग देणारे दाणे तिथे तयार होतात. एका शेडमध्ये पांढरे, दुसऱ्या शेडमध्ये काळे. पांढऱ्या शेडमधला माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा बाहेर पडतो. काळ्या शेडमधला माणूस त्याच्या बायकोलाही आवाजावरून ओळखावा लागतो.

काळ्या रंगासाठी कार्बनची भुकटी वापरतात. चुलीच्या काजळीपेक्षा ती कितीतरी बारीक असते. शिफ्टला जाण्याआधी ही माणसे हातापायांना, मानेला, कानांच्या पाळ्यांना खोबरेल चोपडतात, म्हणजे सुटल्यावर साबणाच्या चुऱ्याने काळे निघते. अंग निघते, नखे मात्र निघत नाहीत. कडुलिंबाची काडी घालून कोरली तरी नखांच्या कडा काळ्याच राहतात. त्यामुळे त्या वस्तीत काळे नख कुणाच्या नजरेत भरत नाही.

वडील गेले तेव्हा दादाची दहावी झाली होती आणि मी प्राथमिक शाळेत होतो. शिरपूरकडच्या आमच्या गावी वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दादाने ते थोडे दिवस चालवून पाहिले, पण सायकलीच उरल्या नव्हत्या. मग ओळखीच्या एकाबरोबर तो इकडे आला. मी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी केली, पुढे लॅबचा कोर्स केला, तो त्याच्या जिवावर. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. निकाल लागला तेव्हा दादाने कंपनीत पेढे वाटले होते आणि विचारणाऱ्याला सांगत होता, "भाऊ सायंटिस्ट झाला." मी त्याला म्हटले, "दादा, सायंटिस्ट नाही, टेक्निशियन." तो म्हणाला, "तुला काय करायचं? पेढे माझे आहेत ना."

पुढे मला सिल्वासातच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. ऑपरेशनमध्ये काढलेला शरीराचा तुकडा आमच्याकडे येतो. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्रावर त्याचे काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. काप इतका पातळ असतो की फुंकर लागली तरी सुरकुततो. मग आमच्या मॅडम, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, ती काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजार कोणता ते सांगतात. मी अथालला खोली घेऊन राहत होतो आणि रविवारी जेवायला दादा-वहिनी आणि त्यांच्या मुलींकडे जात होतो.

अशाच एका रविवारी दादाने दार उघडले तेव्हा त्याच्या उजव्या अंगठ्यावर लिंबू बसवलेले होते. लिंबाला भोक पाडून त्यात अंगठा खुपसलेला.

"नखुरडं झालंय," तो म्हणाला. "मशीनची जाळी बदलताना लागलं होतं, तेच चिघळलं."

शेजारच्या खोलीतला नंदुरबारकडचा माणूस ओट्यावर विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "काय भो, लिंबूटिंबूला बी ओव्हरटाइम देऊन राहिली का आता कंपनी?"

"तुला मिरची बांधायला पाठवतो उद्या," दादा म्हणाला. "आपण दोघं मिळून कंपनीच्या गेटवर लटकू. नजर लागायची नाही."

वहिनी आतून ओरडली, "हसा, हसा. पोळ्या लाटायला सांगितल्या की अंगठा दुखतो यांचा."

लिंबाने काही झाले नाही. मग दादा नाक्यावरच्या एका डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने बुरशी म्हणून औषध दिले, त्यानेही उतरले नाही तेव्हा नख काढले, पट्टी बांधली आणि नख कचऱ्याच्या बादलीत टाकले. आमच्या कामात शिकवलेली पहिली गोष्ट अशी की शरीरातून जे काढले ते तपासायला पाठवायचे. पण नखुरड्याचे नख कोण पाठवतो? काळ्या प्लांटमधल्या माणसाचे तर मुळीच नाही.

दिवाळीत प्लांट बंद होता. दादाच्या बाकीच्या नखांच्या कडा हळूहळू साफ झाल्या. भाऊबीजेनंतर मी गेलो तेव्हा वहिनीने त्याचा हात धरून माझ्यापुढे केला. "भाऊजी, हे बघा. सगळी बोटं सुटीवर गेली, हे एकटं ड्युटीवर आहे."

अंगठ्याचे नख अर्धवट, वेडेवाकडे उगवले होते. त्यातून मुळापासून टोकापर्यंत एक रुंद काळा पट्टा गेला होता, आणि मुळाशी तो नख सोडून कातडीवर उतरला होता. मधोमध ओलसर जखम होती. मला ते बरे दिसले नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्याला आमच्या हॉस्पिटलमध्ये कातडीच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी भिंगाच्या एका छोट्या यंत्रातून बराच वेळ पाहिले. काख चाचपली.

"कार्बन आहे साहेब तो," दादा म्हणाला. "आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं."

"असेलही," डॉक्टर म्हणाले. "जखमेतून आत गेला असेल तर गोंदल्यासारखा बसतो. तसं असेल तर मलाच आनंद होईल. पण तुकडा काढून बघू या."

इंजेक्शन देऊन त्यांनी नखाखालचा छोटा तुकडा काढला, तो बाटलीत घातला, आणि ती बाटली आमच्याच लॅबमध्ये आली.

मॅडम मूळच्या नाशिकच्या. मोजके बोलणाऱ्या. बाटलीवरचे आडनाव वाचून त्यांनी माझ्याकडे बघितले. मी सांगितले, भाऊ आहे.

"मग तू हात लावू नकोस. वापीला पाठवू."

"मॅडम, मी करतो."

"तुकडा डाळीच्या दाण्याएवढा आहे. हात थरथरला तर पुन्हा मिळणार नाही."

"नाही थरथरणार."

त्यांनी थोडा विचार केला आणि बाटली माझ्या हातात दिली. मी शक्य तितके चांगले काप काढले. दादाने मला ज्या कामासाठी शिकवले होते ते काम मी त्याच्यासाठी करत होतो. दुसऱ्या कुणाच्या हाती तो तुकडा देणे मला जमले नसते.

पहिली काच पाहून मॅडम म्हणाल्या, "इतकं काळं आहे की खालच्या पेशी दिसतच नाहीत. हे काळं कसलं आहे ते आधी ठरवायला हवं. ब्लीच कर."

इथे थोडे सांगायला हवे. काचेवर दिसणारे काळे दोन तऱ्हेचे असू शकते. एक शरीराने स्वतः बनवलेले, म्हणजे आपल्या कातडीला आणि केसांना ज्याने रंग येतो ते मेलॅनिन. दुसरे बाहेरून आलेले, म्हणजे धूर, काजळी, गोंदणाची शाई, कार्बन. काप पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणात ठेवला आणि नंतर ऑक्झॅलिक आम्लात बुडवला, की मेलॅनिन विरघळून जाते. कार्बन जात नाही. त्याला काहीही करा, तो तसाच राहतो. म्हणून काळे टिकले तर दादा वाचला, आणि काळे धुतले गेले तर बहुधा रोग. बाहेरच्या जगात याच्या नेमके उलटे असते. आयुष्यभर त्याच्या हाताचे काळे निघावे म्हणून वहिनी साबण घासत होती आणि मी ते निघू नये म्हणून देवाचे नाव घेत होतो.

तुलनेसाठी सोबत दुसरी एक काच लावतात. मॅडमनी कपाटातून कुणा जुन्या पेशंटच्या फुफ्फुसाचा ठोकळा काढून दिला. शहरात राहिलेल्या माणसाच्या फुफ्फुसात धुराचे काळे ठिपके असतातच. दोन्ही काचा मी एकाच रॅकमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या आणि जांभळ्या द्रावणात सोडल्या. वेळ झाल्यावर काढल्या तेव्हा दोन्ही तपकिरी झाल्या होत्या. तसे होतेच. मग आम्लात बुडवल्या. तपकिरी रंग उतरू लागला आणि पाण्याखाली धरून मी बघितले. फुफ्फुसाच्या काचेवर काळे ठिपके जसेच्या तसे होते. दादाच्या काचेवर काही नव्हते. स्वच्छ, पारदर्शक काप, भाताच्या पेजेवर साय धरते तसा.

मी ती काच नियमाप्रमाणे रंगवली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पाहिले, पुन्हा पाहिले. आता पेशी स्पष्ट दिसत होत्या, वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या, खोलवर उतरलेल्या.

"बस," त्या म्हणाल्या. मी बसलो. "मेलॅनोमा आहे. रंगाच्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे कमी दिसतो, आणि दिसला तर असाच, तळपायाला नाहीतर नखाखाली. माणसाला वाटतं काहीतरी लागलं असेल. काचा मुंबईला पाठवू, तेही बघतील. पण मला शंका नाही."

हॉस्पिटलच्या बाहेर चहाची गाडी आहे. दादाला मी तिथे सांगितले, कारण घरी वहिनीसमोर पहिल्यांदा सांगायचे धाडस नव्हते.

"म्हणजे कार्बन नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"पण कार्बनमुळंच झालं ना?"

"तसं नाही म्हणत डॉक्टर. कार्बनमुळे तो फक्त दिसला नाही."

त्याने कप ठेवला. "काय करायचं मग?"

"मुंबईला जायचं. अंगठा काढावा लागेल. काखेतल्या गाठी तपासतील. वेळेत केलं तर..."

"अंगठा," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने उजवा अंगठा झाकून घेतला, कुणी बघेल म्हणून झाकावा तसा.

त्याच संध्याकाळी मायचा गावाहून फोन आला. तिला वहिनीने सांगितले होते. मायचे म्हणणे एकच होते. "लोखंड लावू देऊ नका. लोखंड लागलं का तो फुटतो आन अंगभर जातो. आपल्या गल्लीत पाहिलं नाही का? चालता-बोलता माणूस मुंबईले नेला, कापला, आन महिन्यात गेला."

मी तिला समजावले. ज्यांना नेले ते आधीच उशिरा नेले होते, रोग आधीच पसरलेला होता. ती ऐकून घेत होती आणि शेवटी म्हणत होती, "तू शिकलेला आहेस बाबा. पण मी पाहिलेलं आहे."

दादा दोन्हीकडचे ऐकत होता. मला म्हणाला, "तुकडा काढला तेव्हा लोखंड लागलंच ना एकदा? आता पुन्हा नको. महिनाभर गावी जाऊन येतो. माय म्हणते, तिकडं एक जण लेप देतो. नाही फरक पडला तर तू म्हणशील तिथं येतो."

मी रागावलो, विनवले, मॅडमना फोनवर बोलायला लावले. मोठ्या भावाचा हात धरून ओढून नेता येत नाही. एका सकाळी तो शिरपूरच्या एसटीत बसून गेला. महिन्याचे दोन महिने झाले आणि थंडी सरली. फोनवर तो सांगायचा, जखम वाळतेय. हिरव्या लेपाखाली काय वाळणार होते?

तो परत आला तेव्हा त्याने शर्ट काढून हात वर केला आणि मला काख दाखवली. तिथे सुपारीएवढी गाठ होती.

मायने फोनवर सांगितले, "बघ, पसरलं ना? त्या दिवशी तुकडा काढला तिथंच चुकलं." त्याच गाठीकडे बघून मी म्हणत होतो, तेव्हाच गेलो असतो तर. गाठ एकच होती आणि आम्ही मायलेक तिच्यात आपापला पुरावा बघत होतो. मधे दादा उघड्या अंगाने बसला होता.

शेवटी वहिनी पुढे आली. त्याच्याशी इतक्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकले नव्हते. "मायचं ऐकलं, गावाला राहून आलात. आता माझं ऐका. पोरींना तुमचा अंगठा नको, बाप पाहिजे. भाऊजी, गाडी ठरवा."

मुंबईला अंगठा मुळापासून काढला आणि काखेतल्या गाठी काढल्या. गाठींत रोग सापडला. तिथल्या डॉक्टरांनी समजावले की या कॅन्सरवर नेहमीची औषधे फारशी चालत नाहीत. शरीराची स्वतःची ताकद जागी करणारे एक इंजेक्शन आहे, ते काहींना लागू पडते, काहींना नाही. ते सुरू झाले. ठरलेल्या दिवशी आम्ही वापीहून गाडी पकडायचो आणि दुसऱ्या दिवशी परत यायचो.

मधल्या काळात बरे दिवसही आले, ते सांगितले नाही तर खोटे होईल. कंपनीतला त्याचा साहेब पुण्याचा होता. त्याने दादाला काळ्या प्लांटमधून काढून गेटजवळ बसून करायचे काम दिले. हजेरीच्या मशीनवर दादाचा उजवा अंगठा नोंदलेला होता, तो बदलायचा होता. त्या दिवशी तो हसत घरी आला. "ऑफिसातली पोरगी म्हणे, काका, दुसरं कोणतं पण बोट चालेल. मी मधलं दाखवलं. ती एवढी लाजली! आता रोज कंपनीला मधलं बोट दाखवतो आन पगार घेतो."

"लाज नाही वाटत, पोरी मोठ्या झाल्या," वहिनी म्हणाली, आणि पदराआड हसली.

पावसाळा संपता संपता त्याला खोकला लागला. मुंबईला तपासणी झाली. डॉक्टर तरुण होत्या, हिंदी-इंग्रजीत सावकाश बोलत होत्या. पडद्यावर फुफ्फुसे होती आणि त्यांच्यात गोल गोल डाग होते. दादा पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाला, "तू सांग. आपल्या भाषेत सांग."

मी सांगितले. इंजेक्शन लागू पडले नाही. छातीत गेले आहे. आता त्रास कमी करणारी औषधे.

"किती दिवस?"

"ते कुणी सांगू शकत नाही, दादा. पण फार नाही."

समोरून एका पोराला चाकाच्या खुर्चीवरून नेत होते, दादाने त्याला वाट द्यायला पाय आत घेतले. मग म्हणाला, "मायला काय सांगशील?"

"खरं ते सांगेन."

"नाही," तो म्हणाला. "तिला सांग, तिचंच बरोबर होतं. लोखंड लागलं म्हणून झालं. ऑपरेशन नडलं, असं सांग."

मला क्षणभर कळले नाही. मग कळले. गावात गेलेले ते महिने आज ना उद्या मायच्या लक्षात येणार होते. आपण पोराला थांबवले, हे तिला उमगले असते तर उरलेले आयुष्य तिने ते कसे वागवले असते?

"दादा, हे खोटं आहे. गावात लोक ऐकतील. कुणी ऑपरेशनला जाणार नाही."

"गावाचं गाव बघेल. मी तुला कधी काही मागितलं?"

खरेच, त्याने मला कधी काही मागितले नव्हते. मी हो म्हणालो.

दादा थंडीत गेला, सिल्वासातच, आमच्या हॉस्पिटलमध्ये. शेवटी त्याला श्वास पुरत नव्हता, औषधाने तो झोपेत असायचा, आणि वहिनी त्याच्या पायाला तेल लावत बसायची. त्याला गावी नेले.

दहाव्यानंतर घरात माणसे येत होती. माय भिंतीला टेकून बसलेली असायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "लोखंड लागलं. नको म्हणत होते मी." मग माझ्याकडे बघायची, "विचारा याले. हा शिकलेला आहे, हा बी तेच म्हणतो." आणि मी मानेने हो म्हणायचो. वहिनी मुलींना जवळ घेऊन आतल्या खोलीत जायची.

एके दिवशी आलेल्यांत वडिलांच्या वेळचा एक शेजारी होता. मान उपरण्याने गुंडाळलेली. माय बोलत होती तेव्हा त्याचा हात दोनदा उपरण्याखाली गेला. निघताना तो मायला म्हणाला, "म्हणूनच मी दाखवत नाही कुणाले. आहे ते आहे."

मी त्याच्या मागोमाग बाहेर गेलो. गल्लीच्या वळणावर त्याला थांबवले आणि उपरणे सोडायला लावले. कानाखाली कठीण गाठ होती. मी म्हटले, "काका, उद्या माझ्यासोबत धुळ्याला चला. नुसता तुकडा काढून बघू. साधं काहीतरी असेल, पण बघायला हवं. लोखंडानं काही पसरत नाही. दादाला उशीर झाला, म्हणून तो गेला."

त्याने माझ्याकडे निरखून बघितले. रागाने नव्हे. मी सायकलच्या दुकानात हवा भरायचो तेव्हापासून तो मला ओळखत होता.

"आत तर तू हो म्हणालास," तो म्हणाला.

घराचे दार उघडेच होते आणि मायचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. मी काही बोलायच्या आत त्याने उपरणे पुन्हा मानेभोवती घेतले आणि तो चालू लागला.